निरोप पोचला, पुढे?

कमरेच्या पट्ट्याला पेजर म्हणजे एकेकाळी काय रुबाब होता! भारतात पेजर सेवा सुरू झाली १९९५ मध्ये. माझे बाबा तेव्हा एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कंपनीने त्यांना पेजर दिला आणि आमच्या चाळीत ते एकदम व्हीआयपी झाले.

तंत्र साधंच. ऑपरेटरला फोन करून निरोप सांगायचा. तो टाइप करायचा आणि टॉवरवरून निरोप शहरभर सुटायचा. त्या फ्रीक्वेन्सीवरच्या सगळ्या पेजरपर्यंत तो पोचायचा. पण ज्याचा नंबर त्यात असेल, तोच वाजायचा. बाकीचे ढिम्म!

गंमत म्हणजे ही आयडिया आपल्या शरीरात आधीपासूनच आहे. घाबरलो की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. रक्त ते सगळीकडे नेतं. पण ज्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात, त्याच कामाला लागतात. नसांची मात्र थेट लाइन. तापलेल्या तव्याला बोट लागलं की निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच हात मागे घ्यायची ऑर्डर सुटते. मेंदूतलं 'आई गं!' नंतरचं.

रात्री अकराला ऑफिसच्या ग्रुपवर 'टिंग' झालं की माझं असंच काहीतरी होतं. मेसेज वाचायच्या आधीच छातीत धडधड, हात फोनवर. आणि आत काय? तर उद्याची मीटिंग दहाऐवजी साडेदहाला!

खरं तर आपली मज्जासंस्था एवढी उतावळी नाही. एकेका चेतापेशीकडे हजारो जोडण्यांमधून निरोप येत असतात. काही म्हणतात 'चल', काही म्हणतात 'थांब'. सगळ्यांची बेरीज ठरावीक पातळीच्या वर गेली, तरच ती पेशी पुढे सिग्नल पाठवते. नाहीतर गप्प. आणि एकदा पाठवला की साधारण एक मिलिसेकंद ती दुसरा पाठवूच शकत नाही. म्हणजे निरोप मिळणं वेगळं आणि उत्तर देणं वेगळं!

बाबांच्या पेजरवरून तर उत्तर जायचंच नाही. तो वाचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळायचं नाही. जेवताना पेजर वाजला की बाबा वाचायचे. 'मशीन बंद' असेल, तर हात धुऊन थेट कोपऱ्यावरचा पीसीओ. 'उद्या फोन करा' असेल, तर आईला म्हणायचे, "अजून एक भाकरी वाढ गं."

वाचणं आणि धावणं यांच्या मधली ही छोटीशी जागा निळ्या टिकांनी खाऊन टाकली. वाचलंस ना? मग बोल!

मी आता रात्री दहानंतर ग्रुप म्यूट करते. तिथून पुढे आलेलं सकाळी वाचते. खरंच मशीन बंद पडलं असेल, तर माणूस फोन करतोच की!