उलांडी

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे देवबागला कर्लीच्या खाडीत भाड्याची कयाक घेऊन गरवायला उतरले. दोन-चार वल्ही मारली असतील, अंग आपोआप डावीकडे कललं. तिकडे नुसतं पाणी. चाळीस वर्षांनीही माझं शरीर उलांडी शोधत होतं.

आमच्या होडीची उलांडी पांगाऱ्याची. हलका ओंडका, दोन लांब दांड्यांनी डाव्या अंगाला बांधलेला. बाबा उजवीकडून गरी सोडत, जिवंत सुंगट लावून. तांबोशीने ओढ घेतली की होडी तिकडे झुके, उलांडी पाण्यातून सुटू लागे. मग हाक येई, “गो चेडवा, उलांडीर बस!” मी दांड्यांवरून सरकत बाहेर जायची. पाय पाण्यात, खाली हिरवा काळोख, आणि माझ्या वजनाने होडी सरळ.

भरती साडेसातची होती. तिथीची पाऊणपट करायची, दहाचे साडेसात, हा हिशेब बाबांचाच. काठावर पांगारा लालभडक फुलला होता.

जेम्स हॉर्नेलने 1920 साली भारतीय होड्यांवर ग्रंथ लिहिला. उलांडीचं नातं त्याने पूर्वेकडच्या दर्यावर्दी लोकांशी जोडलं. वाचताना मला एकच प्रश्न पडला होता: त्या लोकांच्या होड्यांत दांड्यांवर कोण बसत असेल?

कारण मी बाराव्या वर्षी ‘मोठी’ झाले आणि माझी होडी बंद झाली. कुणी काही सांगितलं नाही. एका सकाळी बाबांनी धाकट्या भावाला उठवलं, मला नाही. त्याला पाण्याची भीती वाटायची, तरी तोच गेला. मी जागी होते. वल्ही खांद्यावर घेतल्याचा आवाज मी ऐकला. ही अढी अजून आहे आणि ती मला घालवायचीही नाही.

तिवरांच्या मुळांशी गरी टाकली. वीतभर तांबोशी लागली; सोडून दिली. पुन्हा ओढ बसली तेव्हा मी तोल सावरायला कुणाला तरी हाक मारणार होते.

घरी आल्यावर आईला म्हटलं, कयाक दोघांची आहे, उद्या चल. ती पाटीतले बांगडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माका पवूक येणा नाय.”

तिने चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले. होडीत ती एकदाही बसलेली नाही.