गिरणाकाठी पाहिलेली वाट



प्रवासवर्णन म्हटले की लोक काश्मीर लिहितात, लेण्या लिहितात. आम्ही भडगाव लिहिणार आहोत. जळगाव जिल्ह्यातले, गिरणा नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. एका बाजूला पाचोरा, दुसऱ्या बाजूला चाळीसगाव. रेल्वे गावात येत नाही. गाडी धरायची तर कजगाव, पाचोरा नाहीतर चाळीसगाव गाठावे लागते. शिवारात कापूस, केळी, ऊस, लिंबू. घरात बोली अहिराणी. बाहेरच्या माणसाने मुद्दाम पाहायला यावे असे येथे काही नाही. पण या गावात आमच्या घराने चौदा महिने एका कागदाची वाट पाहिली आणि त्या निमित्ताने आम्ही आमचेच गाव नव्याने पाहिले.

कागद होता आमच्या भाचीचा. पोरगी नर्सिंग शिकलेली, पाचोऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नोकरी. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे लग्न झाले. जावई धुळे जिल्ह्यातले. कॅनडात शिकायला गेले, तेथेच गोदामात काम करून पुढे कायम रहिवासी झाले. महिनाभराच्या रजेवर आले, लग्न केले आणि परत गेले. बायकोला नेण्यासाठी त्यांनी अर्ज करायचा, तिकडच्या सरकारने तो तपासायचा आणि मग हिने जायचे, असा तो नियम.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. कागदाला भिण्याचे कारण नव्हते. पण या अर्जाने आम्हालाही घाम फोडला. प्रत्येक कागदावर नाव वेगळे! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर लग्नानंतरचे, पासपोर्टवर पहिले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? हौसेने आधार बदलले आणि दोन प्रतिज्ञापत्रे वाढली. पोलीस दाखला, डॉक्टरी तपासणी, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचे शपथपत्र, सगळे जमवता जमवता २०२३ चा जुलै उजाडला.

खरी अडचण निराळीच होती. लग्न खरे आहे, केवळ परदेशी जाण्यासाठी केलेले नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी फोटो, पत्रिका, फोनवरची बोलणी, पैसे पाठवल्याच्या नोंदी द्याव्या लागतात. फोटोंची चवड पाहून आमची बहीण म्हणाली, "भाऊ, आपल्या लग्नात ना होम, ना सात फेरे. तिकडच्या साहेबाला हे लग्न वाटेल का?"

प्रश्न साधा, पण मनाला लागणारा. पांढरी वस्त्रे, बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, फुलांच्या माळा, एवढ्यात आपले लग्न होते. आम्ही एक पानभर खुलासा लिहिला. बौद्ध विवाहात अग्नीभोवती फेरे नसतात. विधी कसा होतो, कोणता फोटो कशाचा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ प्रमाणे तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. विवाहाची नोंदणी झालेली आहे. तो कागद लिहिताना आमची छाती भरून आली. आपल्या लग्नाची ओळख आपणच स्वच्छ शब्दांत करून द्यावी, यात कमीपणा कसला?

सप्टेंबरात बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचे ठरले. भडगावहून एस.टी.ने चाळीसगाव, तेथून रात्रीची गाडी. फलाटावर तासभर मोकळा होता. भाचीला म्हटले, "बेटा, व्हिसाची वाट पाहणारी तू पहिली नाहीस. या स्टेशनाला ठाऊक आहे ते."

२३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब याच चाळीसगावला उतरले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद होते. धुळे लाईनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते परत आले, तेव्हा वस्तीतले लोक हार घेऊन स्टेशनवर उभे होते. महारवाडा सुमारे दोन मैलांवर. पण पाहुण्याला पायी नेणे लोकांना मानाला कमीपणाचे वाटले आणि टांगेवाले तर बाबासाहेबांना घेऊन जायला तयार नाहीत. तास गेला. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. हाकायला बसला वस्तीतलाच, सवय नसलेला माणूस. नदीच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह खाली कोसळला. पाय मोडला. परदेशच्या मोठ्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरला खानदेशात दोन मैलांची वाट अशी पडली!

ही हकिकत त्यांनी ज्या छोट्या पुस्तकात लिहिली त्याचे इंग्रजी नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते छापले. सहा प्रकरणांच्या त्या पुस्तकात पासपोर्ट कचेरीचा विषय कोठेच नाही. आपल्याच देशात पाणी, टांगा, खोली आणि डॉक्टर मिळवण्यासाठी माणसाला परवाना लागतो, हा त्याचा विषय. भाची ऐकत राहिली. म्हणाली, "मामा, मला निदान गाडीत जागा तरी आरक्षित आहे." आम्ही दोघे हसलो, पण डोळे ओले होते.

मुंबईचे काम झाले आणि त्याच सुमारास भारत-कॅनडा संबंध बिघडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेले. मुंबई, चंदीगड व बेंगळुरूच्या वकिलातींतले प्रत्यक्ष कामकाज थांबले. त्यांच्या इमिग्रेशन खात्याने भारतातले आपले २७ कर्मचारी ५ वर आणले. अर्ज केंद्रे चालू होती, पण बातम्या ऐकून बहिणीचे जेवण तुटले. पती-पत्नीच्या अर्जाला तेव्हा सर्वसाधारण बारा महिने धरत. आता किती लागतील, कोणी सांगावे?

त्या काळात आम्ही थोडे वाचले. १९०८ साली कॅनडाने नियम केला की मायदेशाहून थेट, न थांबता येईल त्यालाच प्रवेश. हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती! नियमात हिंदुस्थानचे नाव नाही, पण दार हिंदी माणसालाच बंद. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांची कोमागाता मारू बोट व्हँकुव्हरला अडवली गेली आणि बहुतेकांना परत पाठवले. तेथे आधीपासून राबणाऱ्या शीख मजुरांना बायका-मुले आणण्याची मोकळीक मिळायला १९१९ साल लागले. इंग्लंडमध्ये तर १९७९ पर्यंत लग्नासाठी येणाऱ्या आपल्याकडच्या काही मुलींची विमानतळावर कौमार्य तपासणी होत असे. बातमी फुटली, ओरड झाली तेव्हा ती बंद पडली. आज आमच्या पोरीला फोटो आणि बँकेचे कागद मागतात. मागणाऱ्याचा राग येतो खरा, पण येथवर येण्यासाठी कोणीतरी भांडले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

इकडे गावात रोज एकच प्रश्न. बसस्टँडवर, किराणा दुकानात, विहाराच्या ओट्यावर: "कागद ऊना का?" पहिले सहा महिने त्यात माया होती. पुढे पुढे प्रश्नाचा सूर बदलला. नवऱ्याने टाकली असेल, तिकडे दुसरी असेल, अशी कुजबुज सुरू झाली. भाचीने विहारात जाणे सोडले. आम्ही तिला एवढेच म्हटले, "नोकरी सोडू नकोस." तिने सोडली नाही. सकाळची पाचोऱ्याची बस आणि संध्याकाळी परत, यावर तिने ते दिवस काढले. जावईबापूंचा फोन मात्र रोज येई, त्यांच्या सकाळी, आपल्या रात्री.

उन्हाळ्यात आमची गिरणा कोरडी असते. वर नांदगाव तालुक्यात गिरणा धरण आहे. तेथून आवर्तन सुटले की खालच्या गावांना पाणी. तारीख आपल्या हातात नसते. पण शेतकरी हात बांधून बसत नाही. पाट साफ करतो, बांध नीट करतो. पाणी आले की घ्यायची तयारी हवी. वाट पाहणे म्हणजे नुसते बसणे नव्हे, हे आम्ही नदीकडून शिकलो.

आणखी एक शिकलो, ते सांगताना लाज वाटते. आमच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही आहे. "साहेब, माझ्या अर्जाचे काय?" असे कोणी विचारले की "चालू आहे, नंतर या," हे उत्तर आमच्या तोंडात वर्षानुवर्षे बसलेले. बाहेरगावाहून रोज बुडवून आलेली बाई ते ऐकून परत जाई. बारा महिने आम्ही स्वतः "चालू आहे" हेच वाचत बसलो, तेव्हा त्या बाईचे चेहरे आठवले. आता आम्ही वही उघडून सांगतो: कागद अमक्या टेबलावर आहे, अमुक कमी आहे, अमक्या दिवशी या. याला वेळ फार लागत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पासपोर्ट मागवणारा निरोप आला. भाची रडली, बहीण हसली. ऑक्टोबरात चाळीसगावच्या फलाटावर उलटे झाले. गाडी हलली तेव्हा भाची खिडकीतून हात हलवत हसत होती आणि बहीण खाली बसली. चौदा महिने ती ज्या कागदाची वाट पाहत होती, त्याच कागदाने लेक नेली.

ज्या घरात असा अर्ज आहे किंवा होणार आहे, त्यांना आमचे हात जोडून सांगणे. लग्न होताच नोंदणी करा. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. सर्व कागदांवर नाव एकच ठेवा. विधीचे फोटो, पत्रिका, पावत्या जपा. खात्रीने व्हिसा देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. खात्री देणे कोणाच्याच हाती नाही. मुलाची नोकरी व पत्ता लग्नाआधी तपासा. परदेशी नवऱ्याने फसवल्यास राष्ट्रीय महिला आयोगाकडे तक्रार करता येते. मुलीची नोकरी सोडवू नका. आणि शेजारी वाट पाहत असेल तर रोज प्रश्न विचारू नका. तिला सोबत विहारात घेऊन जा.

आता गावात बहिणीला विचारतात, "फोन ऊना का?" ती म्हणते, "ऊना." नसला आला, तरी तेच म्हणते.