बायपासची रक्तवाहिनी : निवड कशी होते?

आंब्याची कलमे बांधण्यात थळच्या वाडीत आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांना 68व्या वर्षी बायपास सांगितली गेली. त्यांनी शल्यचिकित्सकांना विचारले, "नवी रक्तवाहिनी आणणार कुठून?"

ती आपल्याच शरीरातून घेतात. छातीच्या भिंतीमागील डावी धमनी सर्वांत भरवशाची. तिचे वरचे टोक मूळ जागीच ठेवून खालचे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात. दहा वर्षांनंतरही दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत ती वाहती असते. "म्हणजे भेटकलमच की!" वडील उद्गारले.

उरलेल्या दोन अडथळ्यांसाठी काय, हा खरा पेच होता. पायाची शीर लांब असते व सहज काढता येते; परंतु धमनीतील दाब सोसताना तिची भिंत जाडावते आणि दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या शिरा बंद वा अरुंद होतात. डॉ. मनमोहन सिंग यांची 1990 मध्ये झालेली बायपास 2009 मध्ये पुन्हा करावी लागली. ती मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत केली. एकदा केलेली बायपास कायमची नसते, हे आम्हांला त्यावरून उमगले.

शिवाय वडिलांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झालेली. उरली डाव्या मनगटाची धमनी. पण कलमे बांधणारा हात अधू झाला तर? डॉक्टरांनी मनगटावरील दोन्ही धमन्या दाबून त्यांना मूठ आवळायला लावली. तळहात पांढरा पडला. मग करंगळीकडची धमनी सोडताच काही क्षणांत तो पुन्हा लाल झाला. ती एकटी हाताला पुरेशी होती. वडिलांनी होकार दिला. अंगठ्याजवळची बधिरता काही महिने राहिली, मग ओसरली.

प्रत्येकाला हीच निवड योग्य असे नव्हे. मधुमेहात छातीच्या दोन्ही धमन्या काढल्यास जखम चिघळण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडे अशक्त असतील तर पुढे डायलिसिससाठी मनगटाची धमनी राखून ठेवावी लागते. आणि ऐंशीच्या घरातील रुग्णाला पायाची शीरही पुरेशी ठरू शकते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी फुगलेल्या शिरा, मधुमेह, मूत्रपिंडांचे विकार, अँजिओग्राफीचे मनगट आणि रुग्ण हातांनी कोणते काम करतो, हे सारे आपणहून सांगावे. कोणती रक्तवाहिनी घेणार आणि का, हे विचारण्यात संकोच नसावा.