ज्ञ शेवटी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं. ते ओसरलं तेव्हा तळमजल्यावर वापरण्याजोगं काही उरलं नव्हतं. दादाचं टेबल फुगून उभं चिरलं होतं. त्याच्या फ्लॉप्यांचा डबा गाळानं भरला होता, आणि फ्लॉप्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई पार धुऊन गेली होती. एकेक फ्लॉपी मी नळाखाली धरली, पत्रा सरकवून आतली चकती टिपली आणि अंगणात वाळत घातली. वहिनी बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "अगं, त्या वाचायला मशीन तरी आहे का आता कुठे?" नव्हतं. तरी मी सगळ्या वाळवल्या.

माळ्यापर्यंत मात्र पाणी पोचलं नव्हतं. आईच्या पितळी भांड्यांमागे एक गठ्ठा निघाला. एकाला एक जोडलेली, दोन्ही कडांना भोकं असलेली, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांबरुंद पानं. एकशे चौदा. पहिल्या पानावर रोमन अक्षरांत 'प्रोग्रॅम वाचनालय' असं लिहून अर्धविराम दिलेला. दादा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्याच्या हातचं एक पत्र माझ्याकडे नाही; आम्ही एकाच घरात वाढलो, पत्रं लिहायची वेळच आली नाही. मी माळ्याच्या शिडीवरच बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

दादा इंजिनिअरिंगला होता तेव्हा पास्कल शिकला. ही भाषा झुरिकच्या निकलाउस वीर्थ यांनी १९७० मध्ये पुढे आणली, विद्यार्थ्यांना शिस्तीनं प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून, आणि तिला नाव दिलं ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचं. ती शिस्त दादाच्या स्वभावाला फार मानवली. पास्कलमध्ये कुठलीही गोष्ट वापरायच्या आधी ती काय आहे हे सांगावं लागतं: हा पूर्णांक, ही अक्षरांची ओळ, ही तारीख. कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, वरून खाली एकदाच वाचत जातो, मागे वळून बघत नाही, म्हणून पाहुण्याची ओळख तो दारात आल्यावरच करून द्यायची. १९८३ च्या नोव्हेंबरात अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाचा कंपायलर बोर्लंड कंपनीनं टर्बो पास्कल या नावानं ४९ डॉलर ९५ सेंटला विकायला काढला. त्यानं ही भाषा दादासारख्यांच्या हातात पोचवली.

मी दादापेक्षा आठ वर्षांनी लहान. १९९४ मध्ये त्यानं जोडून घेतलेला ४८६ कॉम्प्युटर घरी आणला, त्यावर विंडोज ३.१ होतं. गावातल्या एका वाचनालयाची पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर करून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. पैशांचा विषय निघालाच नाही. आम्ही दोघंही त्या वाचनालयाच्या बालविभागात वाढलो होतो. यादी मराठीत हवी, म्हणून काळ्या पडद्यावरचा जुना डॉस चालणार नव्हता. अक्षरांचे फॉन्ट विंडोजमध्ये होते.

संध्याकाळी मी शेजारी बसायचे. आधीचे प्रोग्रॅम मला कळायचे. प्रोग्रॅम विचारायचा, माणूस उत्तर द्यायचा, प्रोग्रॅम पुढे जायचा. विंडोजमध्ये हे उलटं झालं. आता प्रोग्रॅम गप्प बसून निरोपाची वाट बघायचा: माउस दाबला, की दाबली गेली, खिडकी हलली. प्रत्येक निरोपाला कोण उत्तर देणार हे आपण आधी ठरवून ठेवायचं. यातला एक निरोप मला अजिबात समजेना, पेंटचा. पुस्तकाचं नाव एकदा खिडकीत काढलं, मग पुन्हा पुन्हा काढायचं कशाला?

दादानं मला अंगणात नेलं. सकाळची रांगोळी होती आणि शेजारच्या कोंबडीनं तिचा एक कोपरा विस्कटला होता. "अंगणाला रांगोळी लक्षात राहते का?" त्यानं विचारलं. "नाही. आईला राहते. पुसली गेली की आई पुन्हा काढते. विंडोज म्हणजे अंगण. वर दुसरी खिडकी आली आणि गेली, की खालचं चित्र गेलेलं असतं. अंगण फक्त एवढंच सांगतं, की अमुक कोपरा पुसलाय. काय होतं तिथे ते आपल्याला माहीत पाहिजे."

आई खरोखर तेवढाच कोपरा भरून काढत असे. विंडोजचंही तसंच; निरोपासोबत पुसलेल्या चौकोनाची मापं यायची आणि तेवढंच रंगवायचं.

दुसरं शिकवलं ते परत करण्याचं. पडद्यावर रेघ मारायची तर विंडोजकडून पेन मागून घ्यावं लागे आणि काम झालं की ते मोडून टाकावं लागे. पेनं, ब्रश, फॉन्ट यांच्यासाठी सगळ्या मशीनला मिळून ६४ केबीची एकच जागा होती. एका प्रोग्रॅमनं परत केलं नाही, तर सगळ्यांचीच अडचण. दादा पेन घ्यायची ओळ लिहिली, की लगेच खाली परत करायची ओळ लिहायचा, आणि मग मधली जागा भरायचा. दर अर्ध्या तासानं प्रोग्रॅम मॅनेजरच्या माहितीच्या चौकटीत किती टक्के जागा मोकळी आहे ते बघायचा. एकदा रात्री जेवताना त्याच्या लक्षात आलं, की एक ब्रश परत करायचा राहिलाय. तो ताटावरून उठला नाही, पण त्या दिवशी त्यानं भाकरी मागून घेतली नाही.

विंडोज स्वतः मुख्यतः सी भाषेत लिहिलेलं, पण त्यातली फंक्शन्स हाक ऐकायची पास्कलच्या रीतीनं. हे दादाला फार आवडे. सी मध्ये ज्यानं बोलावलं त्यानं मागची आवराआवर करायची. पास्कलमध्ये ज्याला बोलावलं त्यानं. "पंगतीत आपलं पान आपण उचलतो, तसं," तो म्हणायचा. आवरायची ओळ एका जागी राहिल्यानं प्रोग्रॅम लहान होई, आणि त्या काळच्या मेमरीत बाइट-बाइट मोलाचा होता.

१९९६ च्या सुरुवातीला आमच्याकडे डेल्फी आली. बोर्लंडनं ती आदल्या वर्षी १४ फेब्रुवारीला बाजारात आणली होती. भाषा तीच पास्कल, पण आता बटण उचलून खिडकीवर ठेवायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची, की त्याच्या उत्तराची रिकामी चौकट आपोआप लिहून समोर यायची. दादानं दोन वर्षांचं काम सहा आठवड्यांत नव्यानं बांधलं. रंगवण्याचं बरंचसं ओझं डेल्फीनं उचललं. एक गोष्ट मात्र तिला उचलता येत नव्हती: मराठीचा क्रम.

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माळ्यावरच्या गठ्ठ्यातली सर्वांत दाट पानं हीच आहेत. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत अक्षर साठवलं जात नव्हतं, अक्षराचे तुकडे साठवले जात होते. आकडे फक्त २५६. त्यांत अर्धा श वेगळा, काना वेगळा, वेलांट्या वेगळ्या. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून साठवायचीही आधी. मशीनला क्रम लावायला सांगितलं, की शिंदे, किरण, विजय, दिवाकर सगळे एका रांगेत उभे राहत, कारण प्रत्येकाच्या दारात आधी वेलांटी. दादानं यासाठी एक फंक्शन लिहिलं आणि त्याला नाव दिलं बाराखडी. ते नावातले तुकडे उलगडायचं, वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे न्यायचं, अर्धं आणि काना जोडून पूर्ण अक्षर करायचं, आणि प्रत्येक अक्षराला वर्णमालेतला त्याचा क्रमांक द्यायचं. पास्कलमध्ये तक्त्याचे खण अक्षरांनीच मोजता येतात, १, २, ३ नी मोजावे लागत नाहीत. हे मला आजही या भाषेतलं सर्वांत देखणं वाटतं. २५६ खणांचा तो तक्ता आम्ही दोघांनी भरला. मी फॉन्टचा छापील नकाशा बघून सांगायचे, तो टाइप करायचा.

ळ कुठे ठेवायचा, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, म्हणून काळे हे कासारांच्या मागे जायला हवेत. आणि ज्ञ? ज च्या पोटात, की अगदी शेवटी? दादा सायकल काढून ग्रंथपालांकडे गेला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी हातानं लिहिलेलं रजिस्टर उघडून दाखवलं: पंचवीस वर्षांच्या त्या रजिस्टरात 'ज्ञानेश्वरी' शेवटच्या पानावर होती. "वाचक तिथेच शोधतात हो," अण्णा म्हणाले. दादानं घरी येऊन तक्त्यातला आकडा बदलला आणि शेजारी महिरपी कंसात, रोमन अक्षरांत पण मराठीत, टीप लिहिली: ज्ञ शेवटी, अण्णांचं म्हणणं. पास्कलमध्ये महिरपी कंसातलं कंपायलर वाचत नाही. ते फक्त माणसासाठी असतं.

हा प्रोग्रॅम वाचनालयात आठ वर्षं चालला. पुढे मशीन बदललं, मग विंडोज बदललं, मग सगळंच बदललं. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचा प्रोग्रॅम उघडतच नाही. दादाला त्याची फारशी खंत नव्हती. खंत एकच होती, की पास्कलला मराठी अक्षर अक्षर म्हणून कळत नाही, तुकड्यांनी भागवावं लागतं. २००८ च्या मार्चमध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, रात्री झोपेत त्याचं हृदय बंद पडलं. त्याच वर्षी डेल्फीची नवी आवृत्ती निघाली, जिच्यात अक्षरांची ओळ म्हणजे युनिकोड झाली; मराठी अक्षराला त्यात तुकड्यांनी भागवावं लागत नाही. बातमी वाचल्यावर मी सवयीनं फोन उचलला होता.

दोन वर्षांनी, जुलै २०१० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं मॅकपेंटचा मूळ प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर चित्रं काढायचा हा प्रोग्रॅम बिल अ‍ॅटकिन्सन यांनी एकट्यानं लिहिलेला. ५,८०० हून अधिक ओळी पास्कलच्या, उरलेल्या असेंब्ली भाषेच्या. त्या मशीनची मेमरी अवघी १२८ केबी. मी त्या ओळी दोन रात्री जागून वाचल्या. स्वच्छ नावं, छोटी फंक्शन्स, आणि जिथे वाचणारा अडखळेल नेमकी तिथे टीप. दादानं अ‍ॅटकिन्सन यांची एकही ओळ कधी पाहिली नव्हती. तरी दोघांची मांडणी शेजारी ठेवली तर सख्ख्या घराण्यातली वाटते. हा वीर्थ यांच्या शिकवणीचा गुण, असं मी मानते. भाषा शिस्तीची असली की जगाच्या दोन टोकांची माणसं एकमेकांना न भेटता एका वळणाचं लिहू लागतात. त्या दोन रात्री दादा शेजारी हवा होता. इतका हवा होता की तिसऱ्या रात्री मी मशीन लावलंच नाही.

१ जानेवारी २०२४ ला वीर्थ गेले. ८९ वर्षांचे होते. त्या आठवड्यात मी माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला आणि लॅपटॉपवर लॅझारस उतरवून घेतलं. पास्कलसाठी ते फुकट मिळतं, आणि डेल्फीच्याच वळणाचं आहे. पान एक पासून दादाचा प्रोग्रॅम मी टाइप करायला घेतला. त्याची एक खोड होती: लांब फंक्शन संपलं की तो दोन ओळी मोकळ्या सोडायचा, छोट्याला एक. मीही तशाच सोडत गेले.

बाराखडीपाशी आले तेव्हा थांबावं लागलं. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात, आधी श, मग वेलांटी. वेलांटी उचलून मागे नेण्याच्या दादाच्या बासष्ट ओळी आता कुणाला लागणार नाहीत. त्या पुसायला माझा हात धजला नाही. त्याच्या टिपा महिरपी कंसात आहेत, म्हणून मी बाहेरून चांदणीचे कंस घातले आणि त्या ओळी टिपांसकट तिथेच राहू दिल्या. कंपायलर त्यांच्यावरून पुढे जातो. तक्ता मी नव्यानं भरला, ळ ह नंतरच ठेवला. ज्ञ साठी थोडं जास्त काम पडलं. जुन्या फॉन्टात त्याचा एक खण होता, युनिकोडमध्ये ज, हलन्ताची खूण आणि ञ अशी तीन चिन्हं मिळून तो होतो. ती तिन्ही एकत्र ओळखायच्या अकरा ओळी तेवढ्या माझ्या आहेत.

वाचनालयाची वरच्या फळ्यांवरची पुस्तकं पुरातून वाचली होती. अण्णा आता नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या ताई मला दर शनिवारी एकेक फळी उतरवून देतात, आणि मी नावं भरते. आजवर ९१२ झाली आहेत. काळे कासारांच्या मागे आहेत, आणि यादीतलं शेवटचं नाव 'ज्ञानेश्वरी' आहे.