चेऊलकर नावाचा जॉन चाचा

‘गोलमाल’ (१९७९) आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर सेमिस्टरला एकदा तरी लागतोच. अमोल पालेकरची मिशी, उत्पल दत्तचं ते किंचाळणं, सगळ्यांना सगळं पाठ. पण रामप्रसादला नोकरीची खबर देणारा, भवानीशंकरला काय आवडतं नि काय खपत नाही हे आधीच सांगून ठेवणारा तो बुटका, टकला, गोड हसणारा डॉक्टर मामा कोण, असं विचारा. उत्तर ठरलेलं, “अरे तो... तो नाही का, सगळ्या जुन्या पिक्चरमध्ये असतो तो!”

तर मंडळी, ‘तो’ म्हणजे डेव्हिड. पडद्यावर आणि श्रेयनामावलीत एवढंच. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. (पडद्यावरच्या माणसाला आपण अरेतुरेच करतो, तेव्हा मीही करते.)

शेवटचा शब्द पुन्हा वाचा. चेऊल म्हणजे अलिबागजवळचं चौल. डेव्हिड बेने इस्रायली होता, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. या लोकांचे पूर्वज फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून इथे आले आणि त्यातली फक्त सात जोडपी वाचली, असं ते परंपरेनं सांगतात. पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. राहिले त्या गावावरून आडनावं पडली आणि घरात मराठी आली. कीर्तनंसुद्धा मराठीत, फक्त कथा बायबलच्या जुन्या करारातल्या!

हे सगळं मला का इतकं लागलं, ते सांगते. मी वसईची, ख्रिश्चन. घरी आम्ही कादोडी बोलतो, ती मराठीचीच आमच्याकडची बोली. शाळा मात्र कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि शंभर मार्कांचा पेपर. फर्स्ट इयरला इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात निदान दहा जणांनी विचारलं, “अय्या, तुला मराठी येतं? पण तुझं नाव तर...” त्या ‘पण’चं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. आजी आयुष्यभर लुगडं नेसली, शेतात भात लावला. तिला हा ‘पण’ कुणी विचारला नसावा. अशा वेळी एक टकला माणूस ‘डेव्हिड अब्राहम’ला ‘चेऊलकर’ जोडून समोर येतो, तेव्हा बरं वाटतं. खूपच बरं वाटतं.

त्याचा बायोडेटा आपल्याही ओळखीचा आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि हातात नोकरी नाही. कॅम्पस प्लेसमेंट वगैरे तेव्हा कुठलं! काही वर्षं अशीच गेल्यावर नायमपल्ली नावाच्या नट-मित्रानं त्याला सिनेमात आणलं. १९३७ साली मोहन भवनानींचा ‘झांबो’, आणि १९४१ साली बॉम्बे टॉकीजचा ‘नया संसार’, ज्यात लोकांनी त्याला पाहिलं. मध्ये कायद्याचीही परीक्षा पास झाला. उंची नाही, केस नाहीत, म्हणजे हीरो होण्याचा प्रश्नच मिटला. त्याचा फायदा असा की म्हातारं होण्याची भीती उरली नाही. शंभराहून जास्त सिनेमे केले.

त्यातला खरा म्हणजे १९५४ चा ‘बूटपॉलिश’. आर. के. चा सिनेमा, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. अनाथ बहीणभाऊ, बेबी नाझ आणि रतनकुमार. त्यांना भीक मागायला लावणारी चाची, आणि भीक नको, कष्ट करा असं सांगणारा शेजारचा जॉन चाचा. गंमत अशी की हा जॉन चाचा स्वतः चोरून दारू विकतो आणि त्यापायी तुरुंगात जातो. म्हणजे उपदेश करायचा अधिकार शून्य! दुसऱ्या कुणी केला असता तर भाषणच झालं असतं. डेव्हिड मुलांशी बोलताना असं बोलतो की आपल्याला जमलं नाही ते या पोरांना तरी जमावं. डोळे मिस्कील, आवाज मात्र जरासा ओला. या कामासाठी त्याला १९५५ साली सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. ते बक्षीस त्याच वर्षी सुरू झालं होतं, म्हणजे त्या यादीतलं पहिलं नाव आपल्या चेऊलकरांचं.

हिंदी सिनेमातला ख्रिश्चन अंकल म्हणजे हातात बाटली आणि तोंडात “हम तुमको बोला मॅन”. आमच्या घरी असं कुणीही बोलत नाही, हे इथे जाहीर करते. जॉन चाचाकडेही दारू आहे, पण तो चेष्टेचा विषय होत नाही. ‘बातों बातों में’ (१९७९) मधला अंकल टॉमही तसाच. वांद्र्याहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये टोनी आणि नॅन्सीचं जुळवायच्या खटपटीत असलेला. असे दोन-तीन अंकल आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. एक ज्यू माणूस आमच्या लोकांना आमच्यासारखं दाखवून गेला.

हृषीकेश मुखर्जींनी त्याला पुष्कळ वापरलं. ‘सत्यकाम’मध्ये (१९६९) तो पारशी रुस्तम, ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) हरिपद भैया. ‘अभिमान’मध्ये (१९७३) काम छोटंसं. लग्नाच्या समारंभात नवी नवरी गाते आणि हा गाण्यातला जाणकार ओळखतो की बायको नवऱ्यापेक्षा वरचढ आहे, आणि हे पुढे जड जाणार. बस, पुढचा सगळा सिनेमा त्या वाक्यावर उभा. ज्यू, ख्रिश्चन, पारशी, भैया, मामा, सगळं झालं. समारंभांची सूत्रं सांभाळण्यातही तो तितकाच नावाजलेला होता, फिल्मफेअरची सुद्धा. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली.

कॅनडात, टोरंटोला तो गेला, १९८१ चा डिसेंबर संपता संपता. तोवर त्याच्या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले होते. तिथेही ते ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत असत, हे वाचून मी रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी तिची व्हायवा होती, त्यामुळे माफ.

‘बूटपॉलिश’ माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. लेडीज हॉस्टेल, पहिला मजला, जिन्यासमोरची खोली. न्या, बघा. पेन ड्राइव्ह मात्र परत आणून द्या, त्यात माझ्या सबमिशनच्या फाइल्स आहेत.