जुन्या टेपवर नवी गाणी

घरातली एखादी वस्तू जुनी झाली, की चार माणसं चार सल्ले देतात आणि चारही सल्ले पैसे खर्च करण्याचेच असतात. आमच्या ओमनीच्या बाबतीत तेच झालं. मारुतीने ही गाडी १९८४ साली बाजारात आणली आणि २०१९ साली बनवणं थांबवलं. आमची मधल्या काळातली. पत्रा शाबूत, इंजिन तक्रार करत नाही आणि पुढे बसवलेला कॅसेटचा टेपही चालू. फक्त त्यात घालायला कॅसेटी उरल्या नाहीत. बुरशी धरून त्या केव्हाच गेल्या.

ह्या टेपची आठवण झाली ती सासूबाईंमुळे. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावं लागतं. जिने चढणं-उतरणं त्यांना झेपत नाही, म्हणून दहिवलीहून चौकमार्गे पनवेलपर्यंत गाडीनेच जातो. तिथे चार तास मशीनवर, आणि पुन्हा तोच रस्ता. जाताना त्या खिडकीकडे तोंड करून गप्प, येताना थकून डोळे मिटलेले. बोलायला जावं तर “हूं” एवढंच. एका सोमवारी तर म्हणाल्या, “आज राहू दे गं. एक दिवस नाही गेलं तर काय होतं?” काय होतं, ते डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. मी आणि हे, दोघंही घाबरलो.

त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या एका टपरीत रेडिओवर गीतरामायण लागलं होतं. सासूबाई एकदम म्हणाल्या, “अगं, त्याला जरा गाडी थांबवायला सांग.” गाणं संपेपर्यंत थांबलो. मग त्या आपणहून बोलू लागल्या. गदिमा-बाबूजींचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, अशी वर्षभर छप्पन्न गाणी! सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या. पुण्याच्या वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडी, आणि त्याच्यापुढे अख्खा वाडा जमायचा म्हणे. पनवेल कधी आलं, कळलंच नाही.

गाणी मोबाइलवर होतीच, पण त्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीत ऐकू येईना. दुकानात चौकशी केली, तर नवा सेट साडेसहा हजार, बसवण्याची मजुरी वेगळी. औषधांच्या खर्चातून एवढी रक्कम काढणं शक्यच नव्हतं. म्हणून धाकट्या भाऊजींना धरून बसले आणि स्वस्तातले मार्ग समजून घेतले.

मैत्रिणींनो, आधी गाडीतला टेप नीट पाहा. खर्च त्यावरच ठरतो. त्याच्या तोंडाशी हेडफोनच्या पिनेएवढं गोल भोक आणि शेजारी इंग्रजीत ‘ऑक्स’ लिहिलेलं असेल, तर काम अगदी सोपं. दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर आणायची. एक टोक मोबाइलला, दुसरं टेपला. बऱ्याच नव्या मोबाइलना असं भोक नसतं. त्यांना टाइप-सीची छोटी जोडवायर लागते. ती दुकानातच आपल्या मोबाइलला लावून पाहावी. सगळ्या वायरी सगळ्यांना चालत नाहीत.

भोक नसेल पण कॅसेटचा खण चालू असेल, तर कॅसेट अडॅप्टर घ्यावा. दिसायला ही कॅसेटच, पण आत फीत नसते. तिच्या जागी छोटं चुंबकीय हेड असतं. ते टेपच्या हेडसमोर येतं, आणि वायरीतून आलेलं गाणं चुंबकाच्या वाटेने टेपला मिळतं. टेपला वाटतं, कॅसेटच वाजते आहे! आमच्याकडे हेच जमलं, साडेतीनशे रुपयांत. आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसून घेतलं. बाजू आपोआप बदलणाऱ्या काही टेपना मात्र अडॅप्टर मानवत नाही, म्हणून परत घेण्याच्या बोलीवर आणावा.

खणही बिघडलेला असेल आणि नुसता रेडिओ चालत असेल, तर एफएम ट्रान्समीटर. तो सिगारेट लायटरच्या जागी बसतो आणि गाडीपुरतं रेडिओ केंद्रच होतो. जिथे कुठलंही स्टेशन लागत नाही, असा आकडा दोन्हीकडे लावायचा. शहराजवळ स्टेशनं वाढली की खरखर होते. मग आकडा बदलावा.

मोबाइलची वायर थेट स्पीकरला जोडायला कुणी सांगितलं, तर ऐकू नका. हेडफोनसाठीचा विद्युतप्रवाह इतका क्षीण असतो, की गाडीचा स्पीकर त्यावर नुसता कुजबुजतो. आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर टेपच्या पोटात असतो. म्हणून टेप जुना झाला तरी काढून टाकू नये.

आणखी दोन गोष्टी. मोबाइलचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून बाकीचा टेपच्या बटणाने वाढवावा. नाहीतर गाणं फाटतं. आणि गाडीतच मोबाइल चार्ज करताना इंजिनाबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू आली, तर चार्जर काढावा. निघण्यापूर्वी मोबाइल घरीच भरून घ्यावा. गाण्यांची यादीही घरीच लावून ठेवावी. गाडी चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही.

गाण्यांनी मूत्रपिंडं सुधारत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. येताना सासूबाई अजूनही थकलेल्याच असतात. पण “आज राहू दे” हे शब्द पुन्हा ऐकले नाहीत. आदल्या रात्रीच विचारतात, “उद्या कितव्यापासून लावणार?” सध्या एक्केचाळिसावं चालू आहे. छप्पन्न संपली की पुढे काय ऐकायचं, ह्याची यादी त्यांनी नातवाकडून आतापासूनच लिहून घेतली आहे.