शीळ

डीफाइव्ह की डीडीसी, हा वाद पाण्याने थंड होणारे कॉम्प्युटर जोडण्याच्या आमच्या धंद्यात मिटायचा नाही आणि मिटू नये असंच मला वाटतं. नाहीतर संध्याकाळच्या चहाला बोलायचं काय? दोन्ही पंप मूळचे जर्मनीच्या लाइंगचे, आता झायलेमचे. दुकानात निरनिराळ्या कंपन्यांची खोकी मांडलेली असतात. पुष्कळांत वरचं झाकण तेवढं वेगळं, आतला पंप तोच. मी डीफाइव्हवाला. त्याचा अर्धगोल रोटर एका सिरॅमिक गोळीवर टेकलेला असतो, आरपार जाणारा शाफ्ट नाही आणि वंगण म्हणजे वाहतं पाणीच. घासायला जागाच कमी. डीडीसी लहानखुरा, दाबात सरस, पण तळाशी तापतो आणि वरच्या पट्टीत गातो.

ते गाणं हाच सगळा घोळ आहे. खोक्यावर छापलेले डेसिबल मी वाचत नाही. आवाज किती, यापेक्षा कुठल्या जातीचा, हे मला कळायला हवं. पंख्याची भर्रभर्र माणूस थोड्या वेळात विसरतो. तिच्याहून कितीतरी हळू असलेली एकसुरी शीळ रात्रभर डोकं पोखरते. डीफाइव्हच्या व्हेरिओ जातीला मागे एक ते पाच आकड्यांचा चिमुकला स्क्रू असतो. एकवर मिनिटाला सुमारे १८०० फेरे, पाचवर ४८००, म्हणजे सेकंदाला ८०. तिथे कॅबिनेटचा पत्राही साथ द्यायला लागतो. लोकांनी स्वतः जोडलेली यंत्रं माझ्याकडे येतात, त्यांचा स्क्रू बहुतेक वेळा पाचवरच असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: एवढे पैसे घातलेत, मग पुरता का चालवू नये?

हिशेब साधा आहे. मिनिटाला एक लिटर वाहणारं पाणी एका अंशाच्या वाढीत सुमारे ७० वॉट उष्णता उचलतं. यंत्र ५०० वॉटचं आणि प्रवाह मिनिटाला चार लिटर धरला, तर पूर्ण फेरीत पाणी जेमतेम दोन अंश चढतं. प्रवाह निम्मा केला तर साडेतीन. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये आणखी एखाददुसरा अंश जातो, तो मी खुशाल जाऊ देतो. शिवाय पुरत्या वेगातला पंप स्वतःचे वीसेक वॉट त्याच पाण्यात ओततो, ते वेगळंच.

पण वेग उतरवूनही शीळ जातेच असं नाही. पंप हातात धरून चालवा, गप्प. तोच स्क्रूने कॅबिनेटला आवळा, गुणगुणायला लागला. म्हणून माझ्याकडे पंप कधी आवळला जात नाही. खाली मऊ जाड फोम आणि नळ्या रबराच्या. हल्ली सगळ्यांना काटकोनात वळवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या नळ्या हव्यात, आत गुलाबी पाणी, वर दिवाळीसारखी रोषणाई. कडक नळी पंपाची थरथर थेट रेडिएटरपर्यंत पोचवते. फोटोत आवाज येत नाही, म्हणून खपतं. तयार बंद संच त्याहून वाईट. त्यांपैकी बहुतेकांत पंप प्रोसेसरच्याच डोक्यावर बसवलेला; तिथे फोम घालणार कुठे? हे मी तोंडावर बोलतो, त्यामुळे काही दुकानदार मला चहा विचारत नाहीत.

आणि फोम, रबर, वेग, सगळं जमल्यावरही उरते ती शीळ मोटारीच्या आतली. एकाच लॉटमधले दोन पंप शेजारी ठेवावेत, एक अडीचवर गातो, दुसरा तिथे गप्प राहून तीनवर गातो. अर्धा आकडा खाली-वर सरकवला की नाहीशी होते, पाणी तापलं की परत येते. म्हणून कुठला पंप घेऊ, या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नाही. घ्या कुठलाही बरा. निवडायचा असतो तो त्याचा गप्प राहण्याचा वेग, आणि तो ऐकूनच सापडतो. तोही पुण्यात डिसेंबरात, रात्री, सीलिंग फॅन बंद करून. मे महिन्यात वर फॅन गरगरत असताना कुठलाही पंप शांतच वाटतो.

ऐकण्याची ही मिजास मी वर्षानुवर्षं मिरवली. गिऱ्हाइकाला सांगायचो, माझा कान हेच मीटर. गेल्या थंडीत घरातूनच व्हॉइस ओव्हर करणाऱ्या एका बाईंचं यंत्र तयार झालं. त्यांचा माइक यंत्रापासून हातभर अंतरावर. मी नेहमीप्रमाणे स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटले आणि म्हटलं, साफ आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "काका, बारीक शीळ येतेय. तुम्हाला नाही येत?"

मला काहीच येत नव्हतं. तिने स्क्रू केसभर फिरवला. "आता गेली." मला आधी आणि नंतर एकच शांतता.

घरी जाऊन मोबाइलवर एकेक सूर चढवत गेलो. दहा हजार हर्ट्झच्या पुढे माझ्यासाठी सामसूम. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात हे मला ठाऊक होतं. पण ते इतरांचे जातात असा माझा समज असावा. आठवडाभर मी चिडचिड केली, आजकालच्या पोरांना उगाच भास होतात इथपर्यंत बोललो. मग माप घ्यायचा माइक आणला. पडद्यावर शिळेचा सुळका दिसतो खरा, पण तो माणसाला छळेल की नाही, हे त्या रेषेला कळत नाही. त्या मुलीला कळतं.

तेव्हापासून आकडा तीच ठरवते. गिऱ्हाईक समोर असलं की स्क्रूड्रायव्हर मात्र मीच कानामागे लावतो, डोळेही मिटतो. साफ आहे असं म्हणण्याआधी ती मागे मान हलवते की नाही, एवढं किलकिल्या डोळ्यांनी बघून घेतो.